उशिरा कळलं तरी उपचार आहे : एचआयव्हीच्या औषधांचे पहिले सहा महिने



आज ज्या आजाराबद्दल लिहिते आहे त्याचे नाव वस्तीत मोठ्याने घेतले जात नाही. ‘तो आजार’, ‘मोठा आजार’, ‘त्याला लागलंय’ असे दबक्या आवाजात बोलून विषय संपवला जातो. एचआयव्हीबद्दल चार गोष्टी बहुतेकांना माहीत असतात : तो कसा होतो, कसा होत नाही, निरोध वापरा, सुई नवी वापरा. भिंतीवरच्या जाहिरातींनी तेवढे काम केले. पण घरातला माणूस हाडांचा सापळा होऊन दवाखान्यात पोहोचला, तपासणी पॉझिटिव्ह आली, शरीराची प्रतिकारशक्ती जवळपास संपलेली निघाली, तर पुढे काय, हे कोणी सांगत नाही. घरचे लोक धरून चालतात की आता काही उरले नाही. हा समज चुकीचा आहे आणि त्या समजामुळे वाचू शकणारी माणसे जातात. म्हणून आजचे पान फक्त अशा उशिरा कळलेल्या माणसासाठी आणि त्याला सांभाळणाऱ्या घरासाठी.

उशीर का होतो

जामखेड, पाटोदा, आष्टी हा सगळा ऊसतोडीचा पट्टा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन जोडपी कोयता घेऊन निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. फडावर कोपीत राहणाऱ्या माणसाला महिनाभर जुलाब झाले, ताप राहिला, तर तो जवळच्या डॉक्टरकडून एक सलाईन आणि दोन इंजेक्शने घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात उतरतो. एक खाडा पडला तर उचल फिटत नाही. गावी आल्यावर वजन उतरलेले दिसते, तर ‘कष्टाने वाळला’ म्हणून सोडून देतात.

दुसरे कारण नागीण. कमरेला किंवा छातीला एका बाजूने फोडांचा पट्टा येतो, आग होते. आपल्याकडे गेरू लावतात, मंत्र घालतात, आणि नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो असे सांगून घाबरवतात. तोंडे जुळून कोणी मरत नाही. नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचाच दुसरा अवतार. प्रतिकारशक्ती उतरली की तो पुन्हा उठतो. म्हातारपणी नागीण होणे समजू शकते, पण तीस-पस्तिशीच्या माणसाला झाली तर मांत्रिकाकडे न जाता रक्त तपासून घ्या. तसेच तोंडात दह्यासारखा पांढरा थर, महिन्याहून जास्त ताप किंवा जुलाब, वजन दहावा हिस्सा उतरणे आणि कोणताही क्षयरोग. क्षय निघाला की एचआयव्हीची तपासणी झालीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात ती करतातही.

बायकांची तपासणी गरोदरपणात होते, त्यामुळे त्यांना अनेकदा लवकर कळते. पुरुष मात्र अंथरूण धरेपर्यंत जात नाही. आणि एक कारण आपल्या व्यवस्थेचेही आहे. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधे, मोफत सुरू झाली. सुरुवातीच्या आठ दवाखान्यांत मुंबईचे जे. जे. होते. तेव्हा औषधे मर्यादित होती. सीडी-फोर २०० च्या खाली आले तरच औषध, पुढे ती मर्यादा वाढत गेली. म्हणजे अनेकांना तपासणीनंतर ‘अजून वेळ आहे, नंतर या’ असे सांगून घरी पाठवले गेले. काहीजण परत आलेच नाहीत. २०१७ पासून नियम बदलला आहे. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला, सीडी-फोर कितीही असो, लगेच औषध मिळते. वस्तीत असे ‘नंतर या’ सांगितलेले कोणी असतील तर त्यांच्यापर्यंत हे पोहोचवा. जुन्या गोळ्यांची भीतीही काहींच्या मनात आहे. स्टॅव्ह्युडीन नावाच्या गोळीने गाल बसायचे, पायांना मुंग्या यायच्या, बघणारा चेहऱ्यावरून ओळखायचा. ती गोळी कधीच बंद झाली.

सीडी-फोर म्हणजे काय

रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक प्रकार सीडी-फोरचा. निरोगी माणसात एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. त्यांचे काम जागल्याचे. आपल्या वाडवडिलांच्या माथी गावची जागल मारली होती, ते वतन फेकून द्या असे बाबासाहेबांनी शिकवले आणि ते योग्यच झाले, पण उदाहरण समजायला सोपे आहे. जागल्या स्वतः चोराशी एकटा लढत नाही. तो हाळी देतो आणि मग गाव उठते. एचआयव्ही नेमका जागल्यालाच मारतो. जागले कमी झाले की चोर शिरला तरी कोणाला कळत नाही. क्षयाचे जंतू, बुरशी, निमोनियाचे जंतू, जे एरवी शरीरात गप्प पडून असतात किंवा बाहेरच्या बाहेर परतवले जातात, ते मोकाट सुटतात. सीडी-फोर २०० च्या खाली गेले की डॉक्टर त्याला आजाराची पुढची अवस्था मानतात. काही माणसे ४० वर येतात, काही १५ वर. तरीही त्यातली कितीतरी उठतात.

मात्र धडधाकट माणसाने गोळी सुरू करणे आणि ४० सीडी-फोर असलेल्या माणसाने सुरू करणे यांत फरक आहे. पहिल्याला गोळी घेऊन कामावर जाता येते. दुसऱ्यासाठी पहिले तीन ते सहा महिने धोक्याचे असतात आणि त्या काळात घरातल्या कोणाचे तरी डोळे त्याच्यावर हवेत.

गोळी सुरू करण्याआधी

निदान झाल्यावर सात दिवसांच्या आत औषध सुरू करावे असे धोरण आहे. पण उशिरा आलेल्या माणसाबाबत डॉक्टर आधी काही गोष्टी तपासतात, आणि कधी कधी मुद्दाम थांबतात. घरच्यांना वाटते टाळाटाळ चालली आहे. तसे नसते, म्हणून कारण समजून घ्या.

सगळ्यात आधी क्षय. खोकला, ताप, वजन उतरणे, रात्री घाम, यांपैकी एक जरी असले तरी थुंकी तपासतात, छातीचा फोटो काढतात. एचआयव्हीतला क्षय फसवा असतो. थुंकीत दिसत नाही, गाठींत, पोटात, मेंदूच्या आवरणात लपतो. क्षय निघाला तर आधी क्षयाची औषधे, आणि ती अंगी लागली की काही आठवड्यांत एआरटी. सीडी-फोर फारच कमी असेल तर हे अंतर दोन आठवड्यांपर्यंत आणतात. पण मेंदूच्या आवरणाला क्षय किंवा बुरशी लागली असेल तर महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त थांबतात, कारण घाईने डोक्यातली सूज वाढून जिवावर बेतू शकते. म्हणून डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे, वागण्यात बदल यांपैकी काहीही असेल तर गोळी सुरू होण्याआधीच डॉक्टरला सांगा. विचारल्याशिवाय सांगायचे नाही ही आपली सवय इथे महाग पडते.

क्रिप्टोकोकस नावाची बुरशी आहे, ती पक्ष्यांच्या विष्ठेत आणि मातीत असते. सीडी-फोर १०० च्या खाली असेल तर तिची रक्ताची तपासणी करायला हवी. ‘क्रॅग तपासणी झाली का?’ एवढे तुम्ही विचारू शकता. शिवाय मूत्रपिंड, यकृत, हिमोग्लोबिन, साखर, कावीळ-ब आणि बायकांत गरोदरपण, एवढे पाहिले जाते.

क्षय नाही असे ठरले तर क्षय होऊ नये म्हणूनही गोळ्या देतात. ‘मला टीबी नाही तर टीबीची गोळी का?’ असे म्हणून पुष्कळ जण त्या फेकून देतात. फेकू नका.

कोणत्या गोळ्या, कशा घ्यायच्या

सध्या बहुतेक मोठ्या माणसांना टीएलडी नावाची एकच गोळी दिवसातून एकदा देतात. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्रेविर अशी तीन औषधे आहेत. जेवणाआधी-नंतर कधीही चालते, वेळ मात्र रोज एकच ठेवा. संध्याकाळी विहारात वंदनेला जाण्याआधी, किंवा सकाळच्या चहाबरोबर, जी वेळ कधीच चुकत नाही ती धरा. सुरुवातीला डोके दुखणे, मळमळ, झोप उडणे असे होऊ शकते, ते बहुधा काही दिवसांत जाते. झोप उडाली तर गोळी सकाळी घ्या.

दोन-तीन गोष्टी औषधाच्या खिडकीवर घाईत राहून जातात, म्हणून इथे सविस्तर लिहिते. पित्तावरच्या पातळ औषधांत किंवा चघळायच्या गोळ्यांत ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असते, ते डोल्युटेग्रेविरला पोटातच बांधून टाकते. असे औषध घ्यायचे असेल तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या रिकाम्या पोटी टीएलडीसोबत घेऊ नका. जेवणाबरोबर दोन्ही एकदम चालतात. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरला सांगा, मात्रा कमी करावी लागू शकते. आणि क्षयाची औषधे चालू असतील तर त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्रेविर शरीरातून लवकर निघून जाते. म्हणून टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्रेविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी घ्यावी लागते. क्षय आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या माणसाच्या पिशवीत ही जादा गोळी आहे का, हे घरच्यांनी पाहिलेच पाहिजे. मिळाली नसेल तर केंद्रावर परत जाऊन मागा.

दुसरी गोळी कोट्रायमोक्साझोल. स्वस्त, मोठी, पांढरी, ‘सेप्ट्रान’ म्हणून ओळखीची. सीडी-फोर कमी असताना ही गोळी निमोनियापासून आणि मेंदूच्या एका संसर्गापासून वाचवते. एआरटीला आपला परिणाम दाखवायला वेळ लागतो, तोवर राखण ही करते. काहींना तिची ॲलर्जी असते. अंगावर पुरळ उठली, तोंड सोलवटले, डोळे लाल झाले, तर थांबवून लगेच डॉक्टरकडे जा. नसेल तर चालू ठेवा. सीडी-फोर ३५० च्या वर जाऊन सहा महिन्यांनी पुन्हा तसेच आले की डॉक्टरच बंद करतात. ‘बरं वाटतंय’ म्हणून आपण बंद करायची नाही.

औषध ‘उलटलं’ असे वाटते तेव्हा

हा भाग नीट वाचा, कारण इथेच सर्वांत जास्त माणसे घसरतात.

औषध सुरू झाले. दोन-तीन आठवडे बरे वाटले, भूक लागली. आणि अचानक पुन्हा ताप चढला, मानेत गाठ आली, खोकला वाढला. घरातले म्हणतात, ‘बघ, गोळीच उलटली.’ कोणी तरी सुचवते, गोळी बंद कर, अमुक गावच्या बाबाकडे मुळी मिळते. गोळी बंद होते आणि महिन्या-दोन महिन्यांत माणूस जातो. मग वस्तीत पक्के होते की एआरटी घेतली की माणूस मरतो.

प्रत्यक्षात काय झाले? जागल्या जागा झाला. इतके दिवस घरात चोर होते, पण हाळी देणारा कोणी नव्हता, म्हणून शांतता होती. औषधाने जागले वाढले, त्यांनी आरडाओरडा केला, गाव धावून आले, आणि त्या झटापटीत घरातली भांडी फुटली. ताप आणि सूज ही त्या झटापटीची खूण. डॉक्टर याला आयरिस म्हणतात. सीडी-फोर जितके कमी असताना औषध सुरू होते तितकी याची शक्यता जास्त, आणि ते बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होते. अनेकदा लपलेला क्षय असाच बाहेर पडतो.

अशा वेळी एआरटी बंद करायची नाही, आणि घरीही बसायचे नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी केंद्रावर जायचे. तिथे नवा संसर्ग शोधून त्याचे औषध सुरू करतात, सूज जास्त असेल तर स्टेरॉइड देतात. एआरटी थांबवण्याची वेळ क्वचितच येते आणि ती ठरवायची डॉक्टरने.

ज्या लक्षणांत उद्याची वाट पाहायची नाही ती अशी : गोळ्यांनी न थांबणारी डोकेदुखी, झटका, बडबड किंवा गुंगी. चार पावले चालून धाप लागणे. एका डोळ्याने अंधुक दिसणे किंवा डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगणे. पाणीसुद्धा न ठरणाऱ्या उलट्या, लघवी कमी होणे. डोळे पिवळे होणे. डोळ्याच्या तक्रारीकडे लोक चष्म्याचा नंबर म्हणून पाहतात, पण सीडी-फोर ५० च्या खाली असताना पडद्याला संसर्ग होऊन नजर कायमची जाऊ शकते.

पोटात काय घालायचे

महागडे टॉनिक नको. बाजरी-ज्वारीची भाकरी, डाळ, मटकी-हुलग्याची उसळ, शेंगदाणे, अंडी, जमेल तेव्हा मटण-मासे, नीट शिजवलेले. तोंड आलेले असेल तर तिखट टाळून पातळ खिचडी, ताक, केळी द्या. पाणी उकळून गार केलेले. कच्चे अंडे, अर्धवट शिजलेले मांस, उघड्यावरची चिरलेली फळे या काळात नकोत. दारूबद्दल आपल्या पाचव्या शीलात आधीच सांगितले आहे. इथे एवढेच जोडते की दारूच्या नादात गोळी चुकते, आणि क्षयाच्या औषधांसोबत दारू यकृत खाते.

क्षय असेल तर निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्ही बाधित बसतात, अर्ज तहसील कार्यालयात. एसटीच्या प्रवासातही या आजाराच्या रुग्णांना सवलत आहे, त्याचा दाखला एआरटी केंद्रावर विचारा. अडचण अशी की कंडक्टर गावचाच असला तर कार्ड दाखवायला जीव धजत नाही. मी अशांना सांगते, सवलत तुमचा हक्क आहे, पण पहिले सहा महिने कार्ड दाखवायची लाज वाटून केंद्राची फेरी चुकवण्यापेक्षा तिकीट काढून जा. फेरी चुकता कामा नये.

ऊसतोडीला जायचे असेल तर निघण्याआधी केंद्राला सांगा. कारखान्याच्या जवळच्या केंद्रावर नाव बदलून मिळते. तब्येत स्थिर झालेल्यांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. पण उशिरा निदान झालेल्या माणसाने पहिल्याच हंगामात कोयता उचलू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. उचल घेतलेली असेल तर मुकादमाशी बोलायला चार जाणत्यांनी सोबत जावे, आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही.

घरात आणि वस्तीत

जामखेडला हे नवीन नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, त्यांत आपल्या वस्त्यांतल्याही बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते वाचून माहीत असते. मला त्यातली मोलाची वाटते ती कुष्ठरोगाची गोष्ट. त्या काळी कुष्ठरोगी गावाबाहेर काढला जाई. गावातल्याच बाईने अंगावरचा चट्टा ओळखला, गोळ्या घरपोच केल्या, त्याच्या घरी बसून चहा घेतला. तिने चहा घेतला म्हणून शेजारणीनेही घेतला. अक्षर न येणारी बाई जे करू शकली ते आपल्या शिकलेल्या मुली करू शकतात.

भगवान बुद्धांनी अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदासोबत स्वतः धुतले आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा असे संघाला सांगितले, ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. ऐकून घरी येतो आणि त्या घरचे ताट वेगळे ठेवतो. पंचशीलाचा उपयोग आजाऱ्याला झोडपायला करणारेही आहेत : ‘शील पाळलं असतं तर झालं नसतं.’ ज्या बाईला नवऱ्याकडून झाला, ज्या लेकराला आईच्या पोटात झाला, त्याने कोणते शील मोडले? आणि मोडले असले तरी औषधाची वेळ टळत नाही. लाजेच्या विषयावर बोलायला आपला समाज घाबरत नव्हता. १९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने मांडला तो नगर जिल्ह्याच्या पी. जे. रोहम यांनी. त्या काळात तो शब्द उच्चारायलाही धैर्य लागत होते.

ताट, पाण्याचा ग्लास, संडास, कपडे, मिठी, लेकराचा मुका, यांतून एचआयव्ही होत नाही. घरात फक्त एवढे करा : दाढीचे पाते आणि दात घासायचा ब्रश प्रत्येकाचा वेगळा, आणि रक्त पुसताना हातमोजे. उलट खोकणाऱ्या पाहुण्यापासून आजाऱ्याला जपायचे आहे, कारण धोका त्याला जास्त आहे. नवरा-बायको आणि मुले यांची तपासणी लगेच करून घ्या. बायकोला आधी कळले म्हणून तिनेच आणला, असे म्हणणाऱ्या सासूला सांगा की तपासणी आधी झाली, लागण नव्हे.

कायदा पाठीशी आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आजार उघड करता येत नाही, दवाखाना उपचार नाकारू शकत नाही, नोकरीवरून किंवा शाळेतून काढता येत नाही. बाधित स्त्रीला आणि १८ वर्षांखालच्या मुलाला राहत्या घरातून हाकलता येत नाही. नवरा गेल्यावर सुनेला माहेरी धाडणाऱ्या घरांना हे कलम वाचून दाखवा. मी वॉर्डात होते तेव्हा एका दवाखान्यात फाइलवर लाल शाईने खूण करत. आज तशी खूण दिसली तर तक्रार करा.

आणि सांगायचे कोणाला? सगळ्या वस्तीला नाही. एकाच माणसाला, जो गोळीची आठवण करील, फेरीला सोबत येईल आणि तोंड बंद ठेवील. आशाताई असू शकते, बहीण असू शकते. पण ज्याला सांगितले त्याने दुसऱ्या कोणालाही सांगायचे नाही, अगदी स्वतःच्या जोडीदारालाही नाही.

आकडे कसे वाचायचे

सुरुवातीला पंधरा दिवसांनी आणि मग दरमहा फेरी असते. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती, हे मोजतात. त्यानंतर बाराव्या महिन्याला आणि पुढे वर्षातून एकदा. गोळी रोज घेतली असेल तर हा आकडा लवकर खाली येतो. सीडी-फोर मात्र सावकाश चढतात. ४० वरून सहा महिन्यांत १२० झाले तर ते चांगले आहे, नाउमेद होऊ नका. काहींना ३५० गाठायला काही वर्षे लागतात. व्हायरल लोड इतका खाली गेला की यंत्रात दिसत नाही आणि तसाच टिकला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. तोवर निरोध हवाच. विषाणू दिसत नाही म्हणजे गेला असे नाही. गोळी थांबवली की काही आठवड्यांत तो परत येतो, आणि कधी औषधाला न जुमानणारा होऊन येतो.

एखाद्या दिवशी गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका. प्रवासाला निघताना चार दिवसांच्या गोळ्या जास्त ठेवा.

तपासणी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत होते आणि गुप्त राहते. पॉझिटिव्ह आल्यास तिथूनच एआरटी केंद्राची चिठ्ठी मिळते. आपल्या जिल्ह्याचे केंद्र नगरच्या जिल्हा रुग्णालयात आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे, नाव न सांगता मराठीत बोलता येते. पहिल्या फेरीला जाताना आधार कार्ड, जुने सगळे कागद, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि सोबत एक माणूस घेऊन जा.